‘इतर’चा रकाना

हिंगोली,
८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. आई उठताना खांब धरते, हे तुम्ही अगदी शेवटी, समासात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंत. बाबा, महत्त्वाची बातमी कोपऱ्यात लिहायची तुमची सवय कधी जाणार? पण ते पत्र यायच्या आधीच, गेल्या रविवारी, मी तिचा मागं काढलेला एक्स-रे घेऊन नांदेडच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजव्या खुब्याचा सांधा झिजला आहे, तो बदलावाच लागेल, असं ते म्हणाले. खासगीत पावणेतीन लाख रुपये खर्च सांगतात.

पण तुम्ही लगेच कपाळाला हात लावू नका. दवाखान्याच्या माझ्या पगारातून कामगार विम्याचे थोडे पैसे दर महिन्याला कापले जातात. त्या विम्यात अवलंबून असलेले आईवडीलही बसतात. म्हणजे आईचं ऑपरेशन एक पैसा न देता होईल. त्यासाठी तुम्ही दोघं माझ्यावर अवलंबून आहात असा फॉर्म दवाखान्याच्या ऑफिसात द्यायचा आहे. तो सोबत पाठवते आहे.

आता माझी भानगड. सकाळी साडेपाच ते नऊ मी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते, ते तुम्हाला माहीत आहेच. ते काम माझं स्वतःचं. नांदेडची एक लॅब त्याचे महिन्याला आठ हजार देते आणि त्यातले दहा टक्के आधीच आयकर म्हणून कापून घेते. नऊ वाजले की मी दवाखान्याची नोकर. म्हणजे नऊच्या आधी मालकीण आणि नऊनंतर पगारदार. जुलैत आयकराचं विवरणपत्र भरताना मी नुसता पगार दाखवला, कारण फॉर्मात सकाळच्या कामाला जागाच सापडली नाही. ऑगस्टमध्ये मेसेज आला की तुमची कमाई जुळत नाही. शेवटी स्टेशन रोडवरच्या प्रेमदासभाऊंकडे गेले, ते कराची कामं करतात. ते म्हणाले की, एवढ्या कमाईवर कर लागतच नाही, पण दाखवायची तर सगळी दाखवावी लागते. एक नंबरचा फॉर्म निव्वळ पगारवाल्यांचा, माझ्यासारख्या दोन्हीकडच्यांना चार नंबरचा. त्यांनी तो सुधारून भरून दिला आणि कापलेले पैसेही परत येतील म्हणाले. यापुढे कमाईतला एक रुपयाही कुठं लपवायचा नाही, असा मी कानाला खडा लावला आहे.

सोबतच्या फॉर्मवर मी सही करून ठेवली आहे. रकाने तुम्हीच भरा. आधार नंबर, जन्मतारखा सगळं तुमच्यापाशी आहे आणि तुमचं अक्षर माझ्यापेक्षा शंभर पटीनं बरं. पगार सोळा हजार चारशे लिहा, बाकीचं तुम्हाला कळतंच. आईची सही घ्यायला विसरू नका.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी पत्र लिहिते, असं ऑफिसातल्या बायका म्हणतात. खरं तर मला तुमची पत्रं यायला हवी असतात.

जीव आहे तसाच माझ्यावर असू द्या.

तुमची,
पल्लवी

* * *

डोंगरकडा,
१६ सप्टेंबर २०२४

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र शनिवारी पोचलं, फॉर्मही पोचला. काल तुझी आई रानात निंदायला गेली होती. नको जाऊ म्हटलं तर ऐकत नाही, बसून बसून निंदते म्हणाली. घर शांत होतं. तसं मला सगळं जगच शांत आहे, पण घरात कुणी नसलं की मन थाऱ्यावर राहतं. मी हात धुतले, पाट मांडला, काळ्या शाईचं पेन घेतलं आणि फॉर्म भरला.

एकही रकाना मोकळा सोडला नाही. जिथं लागू नाही तिथं आडवी रेघ. एकूण रक्कम आकड्यात तर लिहिलीच, अक्षरीही लिहिली आणि पुढं ‘फक्त’ लिहून रेघ ओढली. फॉर्ममध्ये अक्षरी मागितली नव्हती, पण मी चौतीस वर्षं गावाच्या मनीऑर्डरी लिहिल्या. त्यातल्या एकीचाही आकडा कुणाला बदलता आला नाही. तुझ्या फॉर्मचाही कुणाला बदलता येणार नाही. आई दिवस कलताना आली, मग तिची सही घेतली. कागदात काय लिहिलंय ते न विचारता ती सही करते, हे तिचं लग्न झाल्यापासूनचं आहे.

तुला परत पाठवायचा, मग तू ऑफिसात द्यायचास, यात आठवडा गेला असता. म्हणून सरळ दवाखान्याच्या पत्त्यावर रजिस्टर्ड करून टाकला. पावती सोबत जोडली आहे, जपून ठेव.

कानाला खडा लावलास हे फार बरं केलंस. पोरगी पहाटेपासून राबते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि दोन्हीकडचं असणं हे आपल्या घराण्यातच आहे, बरं का. खात्यानं मला एवढी वर्षं कधी कर्मचारी म्हटलं नाही, डाकसेवक म्हटलं. लागलो तेव्हाच लिहून घेतलं होतं की पोटापाण्याचं दुसरं साधन दाखवा. मी लिहिलं, शेती, दोन एकर. तेव्हापासून मी सकाळी टपालाचा आणि दुपारी शेताचा. फरक एवढाच की मला कुणी मेसेज पाठवला नाही.

सुरजचं पुण्याहून पत्र नाही. त्याला तूच जरा रागे भर. प्रकृतीस जप, सकाळी उपाशीपोटी गाडी चालवू नकोस.

घरातल्या दोघांचा आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहे, कळावे.

तुझा बाबा,
जळबा

* * *

हिंगोली,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आनंदाची बातमी सगळ्यात आधी आणि मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे तुम्ही काही शिकाल. माझा पगार वाढला! ऑक्टोबरचा पगार खात्यात आला तो एकशे तेवीस रुपयांनी जास्त. हसू नका. तीन वर्षांत पहिल्यांदा वाढला आहे आणि कुणाला न मागता वाढला आहे. पगाराचा कागद आमच्याकडे कुणी देत नाही, खात्यात येईल तो आकडा खरा. मी ऑफिसात विचारायलाही गेले नाही. विचारलं की परत घेतील अशी भीती.

त्या एकशे तेवीसमध्ये थोडे घालून आईसाठी मऊ तळव्याच्या चपला घेतल्या. तपकिरी आहेत, मागं पट्टा आहे, पाय सटकत नाही. कळमनुरीच्या बसमध्ये शेजारच्या चांगुणामावशींजवळ दिल्या आहेत, मिळाल्या का ते कळवा. ऑपरेशननंतर घालीन म्हणून ती कपाटात ठेवेल, हे मला आत्ताच दिसतं आहे. तिला सांगा की चपला घालायला असतात.

दुसरी बातमी, आयकराचे गेल्या वर्षीच्या नऊ महिन्यांचे कापलेले सात हजार दोनशे रुपये खात्यात परत आले. प्रेमदासभाऊंना पेढे दिले. यंदापासून दोन्ही कमाया वेगवेगळ्या वहीत लिहून ठेवा, असं ते म्हणाले. मी दोन वह्या केल्या आहेत, एक निळी, एक लाल. कुठली कशाची हे मात्र रोज विसरते.

डॉक्टर डिसेंबरात ऑपरेशन करू म्हणत होते. पण आईचा निरोप आला की हळद शिजून, वाळून, बाजारात गेल्याशिवाय मी कुठल्याच पलंगावर झोपणार नाही. तुम्ही तिला समजावाल अशी आशा नाही, कारण हळदीच्या बाबतीत तुम्हीही तिच्याच पक्षाचे. असो. विम्याचं कार्ड आहेच, घाई नाही.

तुमची माया कमी होऊ देऊ नका, बाकी सगळं ठीक.

तुमची,
पल्लवी

* * *

डोंगरकडा,
२५ मे २०२५

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

हळद विकली, भाव बरा मिळाला. आता तुझी आई मोकळी झाली. पण तिचं चालणं फार कमी झालं आहे. काठी घेऊन दारापर्यंत येते आणि तिथं थांबून अंगणाकडं बघत राहते. हे मी यंदा पत्राच्या वरच लिहितो आहे, बघ.

तू कळवलेल्या दोन्ही तारखा तिला सांगितल्या. चोवीस जूनची ती नको म्हणते. बेणं लावून होऊ द्या, मग आठ जुलैला निवांत जाऊ, असं तिचं म्हणणं. मीही म्हटलं, चौदा दिवसांनी काय होतंय. तेव्हा आठ जुलै पक्की कर.

चपला तू म्हणालीस तशाच कपाटात आहेत. मी काढून ठेवल्या की ती परत आत ठेवते.

तुझ्या येण्याकडं डोळे लावून बसलो आहोत, हे लिहून पत्र संपवतो.

तुझा बाबा,
जळबा

* * *

हिंगोली,
१२ जुलै २०२५

चि. सुरज,
जयभीम आणि आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण फोनवर मला नीट बोलता येणार नाही आणि तुझ्या खोलीत पाच जण ऐकत असतात. हे पत्र वाचून झालं की नीट ठेव. सोबत एका कागदाची झेरॉक्स आहे, ती आधी बघू नकोस. आधी वाच.

आठ तारखेला आईला घेऊन नांदेडला गेलो. तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. ती नवं लुगडं नेसली होती आणि गाडीत बसताना मला म्हणाली की, परत येताना मी माझ्या पायानं उतरीन. खिडकीवरच्या मुलीनं कार्डाचा नंबर टाकला आणि सांगितलं की हे कार्ड तीस जूनपर्यंतच चालत होतं, आता चालत नाही. मी म्हटलं, पुन्हा बघा. तिनं तीनदा बघितलं. बिचारी चांगली होती, पण तिच्या हातात काही नव्हतं. आठ दिवस, सुरज. आठ दिवसांनी चुकलं. बाबा बाकावर बसून आमच्याकडं बघत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते हसून मान डोलवत होते. आईला तशीच परत आणली. उतरताना आम्ही दोघांनी तिला धरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ऑफिसात गेले. लालसिंग म्हणून तिथले कारकून आहेत, साधा माणूस. त्यांनी फाईल काढली. माझा विमा गेल्या ऑक्टोबरपासून बंद आहे, त्याआधी कापलेल्या पैशांवर कार्ड तेवढं जूनअखेरपर्यंत चाललं. पगार एकवीस हजारांच्या वर गेला की विमा लागू होत नाही, विम्याच्या यादीत फॉर्मवरचाच आकडा चढतो, आणि माझ्या फॉर्मवर चोवीस हजार चारशे आहे, असं ते म्हणाले. आता तो कागद बघ.

मासिक वेतन, सोळा हजार चारशे. त्याखाली ‘इतर’, आठ हजार. एकूण चोवीस हजार चारशे. शेजारी लिहिलंय, अक्षरी रुपये चोवीस हजार चारशे फक्त, आणि पुढं लांब रेघ. अक्षर कुणाचं ते तुला सांगायला नको. जगात एवढं सुंदर ‘फक्त’ दुसरं कुणी लिहीत नाही.

तो ‘इतर’ म्हणजे दवाखान्याकडूनच मिळणारे इतर भत्ते. मला एकही भत्ता मिळत नाही, तिथं रेघ हवी होती. बाबांनी माझी सकाळची कमाई लिहिली. काहून लिहिली तेही मला माहीत आहे. कमाई लपवायची नाही असं मीच त्यांना लिहिलं होतं, शहाणपणा करून. बाकीचं तुम्हाला कळतंच, असंही मीच लिहिलं होतं. आणि कोऱ्या रकान्यांखाली सही करून पाठवणारीही मीच. प्रेमदासभाऊंनी आता सांगितलं की, करासाठी दोन्ही कमाया एकत्र धरतात, विम्यासाठी मात्र त्या नोकरीचा पगार तेवढाच. एवढं एक वाक्य मला वर्षापूर्वी कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, मग तू माझ्यावर हसून घे. तो एकशे तेवीस रुपयांचा वाढलेला पगार तुला आठवतो? ती विम्याची कपात होती. ती थांबली, म्हणून पैसे जास्त आले. त्याच्या मी चपला घेतल्या.

आता कपात या महिन्यापासून परत सुरू होईल, पण तिचा उपयोग जानेवारीपासून. मधले महिने भरून घ्या म्हणून अर्ज दिला आहे. कागद वर गेलाय, एवढंच सगळे सांगतात. वर म्हणजे कुठं, हे कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्या सरकारी योजनेत जावं तर रेशनकार्डावर आईचं नाव जनाबाई आहे आणि आधारवर जनकाबाई. ते दुरुस्त करायला टाकलं, त्याचाही कागद वर गेलाय. डॉक्टर म्हणतात, जानेवारीपर्यंत थांबलात तर ती खाटेवरून उठेल की नाही सांगता येत नाही. माझ्याकडं निळी आणि लाल दोन्ही वह्या मिळून साठ हजार आहेत.

बाबांना मी लिहून दाखवलं की ऑफिसातल्या माणसानं आकडा चुकवला. दुसरं काही सुचलं नाही. सुरज, तुला आईची शपथ, त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. फॉर्म भरणं एवढी एकच गोष्ट त्यांच्यापाशी उरली आहे.

स्वतःला जप, आणि ताईवर राग धरू नकोस.

तुझी,
पल्लवीताई

* * *

पुणे,
२० जुलै २०२५

प्रिय ताईस,
जयभीम.

तुझं पत्र गाडीवर बसूनच वाचलं, एका सोसायटीच्या गेटवर. आतून गिऱ्हाईक फोन करत होतं की जेवण थंड होतंय. होऊ दे म्हटलं. त्याचे पैसे कापले गेले ते वेगळं.

तुला राग येईल, पण मला आधी हसू आलं आणि मग कसंतरीच झालं. तू दोन्हीकडची म्हणून विम्यातून गेलीस. मी कुठलाच नाही म्हणून कधी आलोच नाही. आमची कंपनी मला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. भागीदाराला पीएफ नाही, विमा नाही, रजा नाही. मागच्या महिन्यात पाय मुरगळला तेव्हा भागीदारानं स्वतःच पट्टी बांधून घेतली. नाहीतर आईचं नाव माझ्या कार्डावर टाकलं असतं. वीस हजार पाठवतो. गाडी विकली तर अजून तीस येतील, पण गाडी विकली की भागीदारीही संपली.

बाबांना सांगणार नाही. पण ताई, तू चुकलीस. तू ती चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकलीस. तुला बाबा माहीत नाहीत का? लहानपणी माझे दोन मार्क चुकून कमी पडले तर शाळेला त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं होतं, पोचपावतीसह. काल मला त्यांचं कार्ड आलं. त्यात एवढंच विचारलंय की ‘बेजबाबदार’मधला ‘बे’ जोडून लिहायचा की सुटा. मला तेव्हा कळलं नाही, तुझं पत्र वाचल्यावर कळलं. त्या लालसिंगचं काय होणार?

काही करता येत असेल तर कर. मला इथून काही करता येत नाही, हे लिहायलाही लाज वाटते.

तुझा माझ्यावर जीव आहे, तेवढ्यावर चाललंय.

तुझा,
सुरज

* * *

डोंगरकडा,
३ ऑगस्ट २०२५

चि. पल्लवीस,
आशीर्वाद.

पंधरा जुलैला मी तुझ्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना रजिस्टर्डनं तक्रार पाठवली. तुला विचारलं नाही. त्यात लिहिलं की, आपल्या बेजबाबदार कारकुनानं एका गरीब बाईचा पाय घालवला आहे, मूळ फॉर्म काढून बघावा आणि चूक करणाऱ्याच्या पगारातून वसूल करावं. चांगलं पत्र झालं होतं. मी ते दोनदा वाचून आईला दाखवलं.

तीस तारखेला लालसिंग यांचं पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. माझ्या फॉर्मची झेरॉक्स होती आणि एक चिठ्ठी. तिच्यात लिहिलं होतं की, अक्षर आपण ओळखाल, माझा पगार थांबवला आहे, मी आपल्या मुलीला एका शब्दानं बोललो नाही.

मी ओळखलं. ‘इतर’मध्ये आठ हजार लिहिताना मला काय वाटलं होतं तेही आठवलं. अभिमान वाटला होता. पोरीचा पगार एवढासा, पण एकूणात आकडा कसा भरदार दिसतो, म्हणून मी तो अक्षरीही लिहिला. अक्षरी कुणी मागितलं नव्हतं.

एकतीस तारखेला पहिल्या एसटीनं हिंगोलीला गेलो. डॉक्टरांना लिहून दिलं की तक्रार खोटी आहे, चूक माझी आहे, या माणसाचा पगार सोडावा. त्यांनी सही केली. मग लालसिंग यांच्या टेबलापाशी गेलो आणि हात जोडले. ते उठून उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. शिव्या देत होते की समजूत घालत होते, मला अजून माहीत नाही. मी मान हलवत राहिलो. त्यांनी मला चहा पाजला, त्यावरून काय ते धरायचं.

तुझ्याकडं न येता परत आलो. तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नाही. तू मला वाचवायला खोटं लिहिलंस हे कळलं. रागावलो नाही. पण त्या खोट्यावर मी एका सरळ माणसाला बेजबाबदार म्हटलं, हे मनातून जात नाही.

विम्याचं परत सुरू करायला नवा फॉर्म लागतो. तो त्यांनी माझ्याजवळ दिला. सोबत पाठवतो आहे, कोरा. तूच भर. मी पाट मांडून बसलो होतो, पण पहिल्या रकान्यापाशीच हात थांबला. नावाचा रकाना होता. तुझं नावही लिहावंसं वाटेना.

एक सप्टेंबरपासून रजिस्टर्ड बंद होऊन स्पीड पोस्टात मिसळणार, असं पेपरात आहे. बरं झालं.

मोठ्यांनी चुकल्यावर लहानांना काय लिहून संपवायचं ते मला माहीत नाही. सुखात राहा.

जळबा

* * *

डोंगरकडा,
११ ऑगस्ट २०२५

पल्लवी लेकरा,
जयभीम. बरी हाईस ना?

हे म्या सांगून राहिले आन शेजारची मुन्नी लिहून राहिली. म्या म्हणते तसंच लिव्ह म्हणलं, शाळेतल्यावानी लिव्हू नको. तुझे बाबा वसरीवर बसेल हायत, त्याला काही ऐकू येत न्हाई, म्हणून बिनघोर सांगते.

आठ रोज झाले, बाबानं पेन हातात घेतलं न्हाई. गावातली लोकं कागद घेऊन येतात, कुणाचं पीकविम्याचं, कुणाचं ब्यांकेचं. बाबा हातानंच न्हाई म्हणतात. काल इस्माईलभाई आले व्हते, तेला बी न्हाई म्हणले. पेन डब्यात घालून डबा वर फळीवर ठेवला. मला तिथवर हात पुरत न्हाई, न्हाई तर काढून दिला असता.

आता माझं ऐक. तो आठ हजाराचा आकडा बाबाचा न्हाई. तो म्या सांगितला. म्या म्हणलं, माझी लेक पाहाटं उठून लोकाच्या दारी जाते, ते बी लिव्हा, दवाखान्यावाल्याला कळू द्या किती राबते ते. बाबा नगं म्हणत व्हते, म्याच हट्ट केला. बाबा म्हणतील की म्या त्या दिशी रानात व्हते. म्हणू दे. तेचं वय झालं, आठवत न्हाई. तू तसंच लिहून पाठव, की आईनं कबूल केलं म्हणून. पोस्टानं पाठव, तेच्या नावानं, म्हंजी चार बारी वाचतील. जूनची तारीख नगं म्हणणारी तर म्याच व्हते, ते खरंच हाय की न्हाई? मंग तेच्यात हे एक आजून मिसळलं तर कुणाचं काय बिघडलं? माझा पाय दुखायचा तेवढाच दुखणार. तेचं तरी मन दुखू नये.

सुरजला सांग गाडी इकू नको. जानेवारीपावतर थांबते म्या. न्हाई उठले तर बसून राहीन, बसून बी लई कामं व्हतात. फकस्त तू पाहाटं च्या पिऊन निघत जा.

मुन्नीनं हे पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. म्या पहिल्यांदा कागद ऐकून घेऊन खाली सही करून राहिले.

तुझ्या त्या चपला आपरेशन झाल्यावर घालू म्हणून जपल्या व्हत्या. आता काढल्या. काठी धरून वसरीपासून चुलीपावतर घालते, चार पावलं. लई मऊ हायत. तळाचा फटफट आवाज येते म्हणून मुन्नी हासते. बाबाला तो आवाज येत न्हाई लेकरा, पर म्या उठले की ते मान खाली घालतात, आन म्या चुलीपाशी पोचूस्तोवर माझ्या पायाकडं बघत राहतात.

आईचा जीव तुझ्यापाशीच हाय, वरून काय लिव्हावं.

तुझी आई,
जनकाबाई